तिसऱ्या यंत्राचं शून्य

आदरणीय अध्यक्ष महोदय, रक्तदाता नोंदणी कार्यालयाचे संचालक साहेब, मंचावरील मान्यवर आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे दारापर्यंत उभ्या असलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

आज निवृत्त होणाऱ्या आपल्या ऑपरेटर बाईंविषयी बोलायला मला चार मिनिटं दिली आहेत. घड्याळ समोर ठेवलं आहे.

आपल्या दात्यांच्या नोंदी तीन जुन्या मेनफ्रेम संगणकांवर आहेत; ती यंत्रं बाई सांभाळतात. तिन्हींना एका दमात विचारणारी क्वेरी, म्हणजे दाते शोधणारा प्रोग्राम, मी लिहिली. कॉलेजची पायरी न चढता, पुस्तकं वाचून. अकरा वर्षांत ती एकदाही अडली नाही, हे मी याच सभागृहात किती वेळा सांगितलं असेल? बाई पहिल्या रांगेत बसून हसायच्या. मला ते कौतुक वाटायचं.

गेल्या गुरुवारी बाई रजेवर होत्या. दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी एका रुग्णालयातून दुर्मिळ गटाच्या रक्ताची मागणी आली. क्वेरी चालवली. शून्य दाते. मी 'उपलब्ध नाही' असं कळवून टाकलं.

शुक्रवारी बाईंनी तो कागद पाहिला आणि तिसऱ्या यंत्राला पुन्हा विचारलं. दोन दाते निघाले. एक तर रुग्णालयापासून चार किलोमीटरवर.

"मास्तर," बाई मला म्हणाल्या, "दोन ते चार ते यंत्र बॅकअप घेत असतं, उत्तर देत नाही. तुमची क्वेरी नव्वद सेकंद थांबते आणि शून्य लिहून मोकळी होते. बॅकअप मधेच थांबवून विचारावं लागतं."

"म्हणजे अकरा वर्षं तुम्ही..."

"दुपारचं प्रत्येक शून्य परत विचारतेय."

"मग बोलला का नाहीत?"

"पहिल्या वर्षी बोलले होते. तुम्ही दोन महिने अबोला धरलात. म्हटलं, त्यापेक्षा हे सोपं."

आपण हसलात. मीही हसलो असतो.

मी लगेच रुग्णालयाला फोन लावला. पलीकडून एवढंच म्हणाले, "काल लागत होतं." रुग्ण कोण, पुढे काय झालं, हे आपल्याला कळवायची पद्धत नाही.

क्वेरीतली शून्य लिहिणारी ती ओळ मी बदलली. आता शून्याऐवजी 'उत्तर आलं नाही' असं उमटतं. पण उत्तर आणायचं कसं? रक्ताची मागणी चार वाजेपर्यंत थांबत नाही. बाईंनी मला तीन दिवस शिकवलं, मी बावीस पानं उतरवून घेतली. काल दुपारी एकट्यानं करून पाहिलं. स्क्रीन कोरीच राहिली. सोमवारी बाई नसतील, मागण्या येतील.

चार मिनिटं झाली. बाईंचे, अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. गुरुवारचं मात्र घालू नका, एवढी विनंती.