मामांची सुगंधी घोंगडी

आधी हसून घ्या, मग सांगतो. घोंगडी धुण्यातलं आपल्याला फार कळतं, असा माझा समज होता. माझे सासरे, म्हणजे मामा, उत्रोलीला असतात. त्यांची घोंगडी ते नुसती झटकून उन्हात टाकायचे. मला तिच्यातून मेंढराचा वास यायचा. म्हणून मी ती हट्टानं भोरला घरी आणली, गुलाबाच्या वासाच्या साबणात भिजवली आणि टबात उभं राहून तुडवली. ओली घोंगडी गच्चीवर चढवताना कंबर धरली, ती वेगळीच.

वाळायला आठवडा गेला. मग मोठ्या ऐटीत मामांना नेऊन दिली. "वास घेऊन बघा, मामा!"

मामा घोंगडी डोक्यावरून घेऊन गोठ्याकडं निघाले, तर त्यांचाच वाघ्या कुत्रा त्यांच्या अंगावर असा धावला, की मामा पळतच माघारी आले.

दारात दम खात म्हणाले, "पाव्हणं, आता वाघ्यालाबी त्याच साबणानं धुवा. म्हंजी तरी वळख पटंल."

सगळं घर हसायला लागलं. मी मात्र विचारलं, "मामा, त्याला कोमट पाणी चालेल ना?"