रविवारी विषय घेऊ

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या सरपंच योगिनीताई, या समारंभासाठी मुद्दाम रजा वाढवून थांबलेले मुंबई मंडळाचे अध्यक्ष आत्मारामशेठ, सन्माननीय केंद्रप्रमुख, आजचे सत्कारमूर्ती, शाळेतून निवृत्त होणारे राजाराम गुरुजी, शिक्षकवृंद, सगळ्या वाड्यांतून आलेले ग्रामस्थ, माता-भगिनी आणि पुढच्या रांगेत सरबताच्या पिंपाकडे डोळे लावून बसलेले विद्यार्थी, आपणां सर्वांना माझा नमस्कार.

मी महिपत, ग्रामविकास मंडळाचा सचिव. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. त्यामुळे उभ्याने बोलायची सवय आहे, थोडक्यात बोलायची नाही. तेवढं सांभाळून घ्या.

योगिनीताईंनी मला विषय दिला, ‘गुरुजी आणि विविधतेतील एकता’. विषय चांगला आहे. गुरुजी म्हटलं की आपल्याला सव्वीस जानेवारीच आठवतो, नाही का? अकरा वर्षं या पटांगणात आपल्या पोरांनी अख्खा भारत चालवून दाखवला. कुणी पंजाब, कुणी केरळ, कुणी नागालँड. तालुक्याचे साहेब यायचे, फोटो काढायचे, आपण टाळ्या पिटायचो.

ते कपडे कोण शिवायचं? गुरुजींच्या मातोश्री, सुंदराबाई. बौद्धवाडीतल्या त्यांच्या पडवीत मशीन होतं. जुन्या साड्यांचे फेटे, पडद्यांचे घागरे. आमची नात मनस्वी एका वर्षी काश्मीर झाली होती. मापाला गेली तर म्हातारी म्हणाली, “काश्मीर सैल झालंय गो, इकडं ये, टाका मारून देते.” गावातलं एक घर असं नाही, की ज्यातलं पोर त्या पडवीत उभं राहिलं नाही. आता खरं बोलायला उभा राहिलोच आहे तर हेही सांगतो, की आमच्या घरातलं कुणी तिथे कधी चहा घेतला नाही. कपडे घालून घरी यायचं.

विविधता म्हणजे काय, हे आपल्या गावाला पुस्तकातून शिकायला नको. सात वाड्या, प्रत्येकीचा पाणवठा वेगळा, गाऱ्हाणं वेगळं. खाडीकडे मोहल्ला आहे, त्यांची ईद आपण ओळखतो, आपला शिमगा ते ओळखतात. जगायच्या जागा सात आणि मरायच्या जागा तीन. मोहल्ल्याचं कब्रस्तान. आपलं स्मशान, त्यावर मुंबई मंडळाने घातलेली शेड, शेजारी सुक्या लाकडांची बंद खोली, जिच्यात दर उन्हाळ्यात घरटी एक भारा पडतो. आणि तिसरी जागा वहाळाच्या काठी, बौद्धवाडीची, उघडी. लाकडांच्या खोलीची किल्ली सचिवाकडे असते, म्हणजे माझ्याकडे.

आत्मारामशेठ, पाणी प्या. मी विषय सोडलेला नाही.

गेल्या जुलैत सुंदराबाई गेल्या. मंगळवार होता. पाऊस तीन दिवस धरून बसलेला. सकाळी नऊला गुरुजी छत्री घेऊन माझ्या अंगणात आले. पडवीत या म्हटलं, आले नाहीत. म्हणाले, “दादा, आईला न्यायचंय. पाऊस उघडत नाही. आजच्यापुरती शेड मिळेल का?”

आता तुम्ही सांगा, यात विचारण्यासारखं काय होतं? ‘चला’ म्हणायचं आणि किल्ली काढायची. पण आपली पद्धत आहे. गावात खिळा ठोकायचा तरी मुंबईला विचारायचं. तीस वर्षं मी लोकांना तिकिटं दिली, शेजारी कोण बसलंय ते कुणाला विचारू दिलं नाही, आणि त्या दिवशी मी फोन लावला. आत्मारामशेठ वाईट बोलले नाहीत. ते म्हणाले, एकट्याने निर्णय घेता येणार नाही, रविवारी बैठक आहे, विषय घेऊ. मी अंगणात आलो आणि गुरुजींना तसंच सांगितलं. “रविवारी विषय घेऊ.”

मेलेल्या बाईला मी रविवार दिला.

गुरुजी ‘बरं’ म्हणाले आणि गेले. वहाळाच्या काठी चौघांनी चार कोपरे धरून ताडपत्री उभी केली. लाकूड ओलं, पेटेना. मी आमच्या मागच्या दाराने बघत होतो, तिथून दिसतं. संध्याकाळपर्यंत नुसता धूर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींना पुन्हा लाकडं घेऊन जावं लागलं. कशासाठी, ते पोरांसमोर सांगत नाही. मोठ्यांना कळलं असेल. त्याच आठवड्यात ते शाळेत आले आणि तुमच्याआमच्या पोरांना शिकवायला लागले. कुणाच्याही पोरावर त्यांनी राग काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

आणि तो रविवार? देवळाचा रंग कुठला, यावरच बैठक संपली. विषय आला नाही. दहा महिने आलेला नाही.

मागच्या आठवड्यात मी गुरुजींच्या घरी गेलो. सामान बांधून झालं होतं, ते आता दापोलीला लेकीकडे राहणार. मी चहा मागून घेतला. मग म्हटलं, गुरुजी, मी लिहून ठेवतो, मला त्या शेडखाली नेऊ नका, वहाळाच्या काठी न्या. मला वाटलं, मी फार मोठं बोललो. गुरुजींनी कप खाली ठेवला. म्हणाले, “दादा, तुम्ही भिजलात म्हणून माझी आई सुकी होणार नाही. मेल्यावरचं कशाला सांगता? जिवंत आहात तोवर बैठकीत बोला.”

मंडळी, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. एवढं खरं मला कुणी तोंडावर सुनावलं नव्हतं.

म्हणून आज बोलतो. मे महिना आहे, चाकरमानी गावात आहेत, मुंबई मंडळ या मांडवात बसलंय. फोन लावायला नको. पाऊस दहा दिवसांवर आहे. बौद्धवाडीत कमळाआजी अंथरुणाला खिळून आहेत. जिवंत माणसाबद्दल असं बोलू नये, ठाऊक आहे मला, पण त्यांच्या सुनेला जुलैमध्ये कुणाच्या अंगणात छत्री घेऊन उभं राहायला लागू नये. शेड आणि लाकूड गावातल्या प्रत्येक मयताला, न विचारता. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा. सचिव म्हणून मी आत्ताच विषय घेतो.

हा माझा हात.

तुळसावहिनी, तुमचा दिसला. खाली घेऊ नका, धोंडूभाऊ बघतायत म्हणून. मोहल्ल्यातले दोन हात दिसले. तुमचा यात हक्काचा भाग नाही, तरी आभारी आहे. अध्यक्षा योगिनीताईंचा हात वर आहे. मागे अजून कुणी? आत्मारामशेठ, तुमचा हात टेबलाखाली असेल, मला इथून दिसत नाही.

बरं. थांबतो थोडा.

नाही. सात हात झाले. मांडवात दोनशे माणसं आहेत. गुरुजी, तुम्ही मान खाली घालू नका, ती आम्ही घालायची आहे. सात हातांनी ठराव होत नाही, हे मला कळतं. पण पावसाळ्यात कुणी आलं तर मी मुंबईला विचारणार नाही, एवढं आज सगळ्यांदेखत सांगून ठेवतो. मग मला सचिवपदावरून काढा, त्यासाठी रविवारची बैठक जरूर बोलवा.

गुरुजींना निरोप देताना शाल-श्रीफळ आम्ही देऊच. ते स्वीकारतात, हा त्यांचा मोठेपणा. आयोजकांचे, मांडव घालणाऱ्यांचे, सकाळपासून चुलीपुढे उभ्या असलेल्या भगिनींचे मनापासून आभार. आज मी मर्यादेपेक्षा जास्त बोललो असेन, तर सभेने पोटात घालावं. त्या मंगळवारी मी जे बोललो, त्याची माफी मागायची होती. पण ज्यांच्याकडे मागायची, त्यांना आपण भिजत ठेवलं.