धूर थांबेस्तोवर

सायकलच्या सफरीची हौस मला सांगू नका. निजामाच्या राज्यात मी अन् माझा दोस्त करीम औरंगाबादहून सायकलीनं अजिंठ्याला निघालो होतो. सिल्लोडच्या अलीकडं ज्वारीच्या रानात एक खोपट दिसलं, तिथं पाणी मागाया थांबलो. म्हातारीनं सायकली पाहिल्या अन् ऊरच बडवून घेतला. त्या भागात सायकलवर फक्त तारवाला यायचा, अन् तार यायची ती मयताचीच. तिचा एकुलता लेक हैदराबादला फौजेत होता.

"मावशी, तार नाय, पाणी पायजे," करीम म्हणाला.

ती रडता रडता हसली. "मेल्यांनो, जीव घेतला की माझा! सकाळधरनं उपाशी हाय. आता भाकरी टाकते."

पाणी पिऊन आम्ही निघालो. रानाच्या टोकाला खाकीतला सायकलवाला भेटला. "फौजेतल्या पोराची म्हातारी कुठं राहती?"

मी खोपटावरचा धूर दाखवला. करीमनं त्याची सायकल धरली. "मयताची खबर आली की घरात चूल पेटत नाय, भाऊ. तिला जेवू दे."

तिघं लिंबाखाली बसलो. धूर थांबला, वर आणखी एक बिडी झाली.

"आता जाऊ?" त्यानं विचारलं.

करीमनं त्याच्यापुढं आणखी एक बिडी धरली.