कोंबड्यांच्या पायाखालची जागा

मी मंजुळा. आमचं गाव तिकडं पेठच्या पुढं, डोंगरात, आता रस्ता झालाय पन तवा नव्हता, यष्टीतून उतरलं की पायीच जावं लागायचं. भात आन नागली, दुसरं काय नाय. आन कोंबड्या. कोंबड्या आमच्याकडं कोनी पाळत नाय, त्या असत्यात, घरात मानसं असत्यात तशा. दिसभर रानात उकरत्यात, सांजच्याला आपल्या पायानं बांबूच्या डालग्याखाली येत्यात. त्यांच्या पायाखाली काय टाकावं असं माझ्या आईच्या कवा सपनात बी आलं नसंल. मला इचार करावा लागला तो हितं आल्यावर, नाशिकरोडला.

आमच्या मालकांना लाकडाच्या वखारीत काम लागलं म्हनून आलो आमी, मागल्याच्या मागला कुंभमेळा व्हायचा व्हता तवा. खोली मिळाली ती आक्कांच्या घराच्या पाठीमागं. आक्का म्हंजे घरमालकीन, सायखेड्याच्या, बागायतदारांच्या घरच्या, नवरा वारलेला, आवाज असा की गल्लीच्या तोंडाला भाजीवाला उभा ऱ्हायचा. खोलीच्या मागं जरा मोकळी जागा व्हती. मी पयल्या दिवाळीला म्हायेरी गेले आन येताना आईनं येक तलंग दिली, अंड्यावर न आलेली कोंबडी, पिशवीत घालून, म्हनली तिकडं तुला कोन हाय, ही बोलंल तुझ्याशी. खरं सांगते ताई, बोलायची ती. हितं मला कोनाचं बोलनं कळायचं नाय, माझं कोनाला कळायचं नाय, शेजारनी माझ्या बोलन्याला हसायच्या, मंग मी जायचे मागं कोंबडीपाशी.

येकीच्या चार झाल्या, चाराच्या डझनभर झाल्या. आक्का म्हनल्या ठेव, पन माझ्या झेंडूत यायला नको. म्हनून मालकांनी जाळी मारली. आन तिथंच घोळ झाला बगा. रानातली कोंबडी आज हितं उकरती, उद्या तिथं उकरती, जाळीतली कोंबडी त्याच जागी ऱ्हाते. गवत खाऊन संपलं, पाऊस लागला आन काय सांगू तुमाला, आख्खा चिखल, आन वास असा की आक्का देवपूजेला बसल्या तरी नाकाला पदर. मी म्हनलं सारवून घेऊ. शेन आनलं, अंगन सारवावं तसं झ्याक सारवलं, आन जेवून येऊन बगते तर बायांनी सगळं उकरून ठेवलेलं. कोंबडीला काय म्हायती सारवन कशाला म्हनत्यात.

मंग आक्कांनीच डोकं चालवलं. त्यांच्याकडं ओट्याच्या उरलेल्या शहाबादी फरश्या व्हत्या, म्हनल्या घाल या, पानी मार, वास जाईल. घातल्या. दिसायला असं देऊळ की काय. पन कोंबड्या फरशीवर उभ्याच ऱ्हायल्या, उकरायच्या आन नखं घासायची, सर्र सर्र, मातीच नाय तर उकरनार काय. दोन-तीन म्हयन्यांत पायाच्या तळव्याला गाठी झाल्या, लंगडायला लागल्या, अंडी बंद. आईची ती पयली कोंबडी तर येका पायावर उभी ऱ्हायची, दुसरा पाय पोटात घेऊन. मला बघवायचं नाय. मी फरश्या काढल्या. आक्का रुसल्या, चांगल्याची दुनियाच नाय म्हनल्या. वखारीतला भुसा बी टाकून बघितला, तो ओला झाला की त्याची ढेकळं व्हायची आन पिल्लं तो खायची. वर उन्हाळ्यात कोंबड्यांना उवा झाल्या.

आता आमच्या डोंगरात काय करत्यात, भात पेरायच्या आधी जिमीन भाजत्यात. राब म्हनत्यात त्याला. खाली शेन, वर झाडाच्या तोडलेल्या फांद्यांचा टाळा, त्याच्यावर वाळल्या पानांचा पातेरा, वर बारीक माती, आन वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचा म्हंजे दमानं जळतो, तन जातं, किडा जातो. मी म्हनलं उवा बी जातील. काय चुकलं माझं, तुमीच सांगा? कोंबड्या खोलीत डालल्या आन जाळीत राब लावला, गावी लावत्यात तसा, यवस्थित. धूर असा निघाला की समोरची घरांची लाईन दिसंना. लोक बादल्या घेऊन पळत आले, कोनी म्हनं सिलेंडर, कोनी म्हनं वायरिंग, मी मधे उभी, म्हनते अवो काय नाय, राब हाय, राब. कोनाला कळतोय राब. ओतलं पानी. आन गच्चीवर आक्कांच्या कुरडया वाळत घातलेल्या, वर्षाच्या, त्या सगळ्या धुरकटल्या.

आक्का वरडल्या नाय. वरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हनल्या, मंजुळे, पावसाच्या आत कोंबड्या गावी नेऊन सोड. मी खोलीत येऊन रडले. कोंबडीसाठी रडती का म्हनले मालक. मी म्हनलं, तुमाला वखारीत बोलायला चार मानसं हायेत.

नेनारच व्हते. पन दुसऱ्या दिशी जागा वाळली तशा कोंबड्या सोडल्या, तर त्या सगळ्या राखंत लोळायला लागल्या. अंग फुलवून, डोळे मिटून, पंखात राख घेत्यात, झटकत्यात, परत लोळत्यात. आक्का चहाचा कप घेऊन दारात आल्या त्या तिथंच पायरीवर बसल्या. मंग म्हनल्या, अगं या तर पर्वनीला आल्यावानी नाहत्यात. आन हसायला लागल्या. उवा गेल्या, खरंच गेल्या. आक्का म्हनल्या हा पावसाळा बघते, वास आला तर मातर न्यायच्या.

मी मंग म्हायेरच्या गिरनीवरनं भाताची तुसं आनली, पोती यष्टीच्या टपावर टाकून. गल्लीतला कडुनिंबाचा पाला झाडून आनायचे, त्यो, तुसं आन चुलीची राख, असा चांगला जाड थर दिला, वर अर्ध्या जागंवर पत्रा. आन काय बी केलं नाय. कोंबड्याच उकरून खालीवर करत्यात, जसं काय त्यांचंच काम ते. पावसाळा गेला, वास आला नाय. दिवाळीला आक्कांनी जाळीतलं घमेलंभर खत नेलं लिंबाला, मला न इचारता. मी समजले. धुरकट कुरडया तळल्या तवा पयली ताटली माझ्याकडं आली, म्हनल्या खा तुझा राब.

मंग बरीच सालं गेली, पुढचा कुंभमेळा बी झाला, आन आक्कांच्या पोरानं घर पाडून बिल्डिंग बांधायला काढली. कॉन्ट्रॅक्टर आला, म्हनला कंपाऊंडपर्यंत सगळा कोबा करून टाकू, माती नको, डास नको. मी भावाला निरोप धाडला, डालगी घेऊन ये म्हनून. आक्कांच्या पोराचं बिचाऱ्याचं काय चुकत नव्हतं, आमी भाडेकरू, आमाला तळमजल्याला खोली देत व्हते हेच लय. मी जाळी सोडवायला बसले तर आक्का काठी टेकत आल्या आन त्या कॉन्ट्रॅक्टरला म्हनल्या, बाकी कुठं काय घालायचं ते घाल, हितं माती ऱ्हाऊ दे. पोरगा म्हनला आई, बिल्डिंग बरी दिसंल का? आक्का म्हनल्या, दिसायला मी फरश्या घातल्या व्हत्या, तवा कोंबड्या लंगड्या झाल्या.

भाऊ आला, जेवला, रिकामी डालगी घेऊन गेला.

आता आक्कांना जिना जमत नाय. दुपारच्याला त्यांना खाली आनून जाळीपाशी खुर्चीत बसवते, दार उघडं टाकते. कोंबड्या भायेर येऊन खुर्चीखाली उकरत्यात, तर आक्का पाय वर उचलून घेत्यात, पन त्यांना हाकलत नाय. देव त्यांना असंच बसवून ठेवो. माझं म्हनाल तर बरं चाललंय.