न्हाऊ घालणारीनं बोलायचं नसतं

माझं माहेर परतूरकडचं. माझी माय बाळंतिनींचं करायची, म्हंजे बाळाला आन बाळंतिनीला तेल लावायचं, न्हाऊ घालायचं, शेक द्यायचा, रोज सकाळी त्या घरी जायचं, हे आमचं काम. तिच्या मागं मागं फिरून मी शिकले, लगीन होऊन जालन्यात आले तवा दुसरं काही येत न्हवतं, पन हे येत व्हतं. लिहा, गयाबाई म्हनून लिहा, आमच्या भागात कोनालाबी इचारा, घर दाखवतेत. ज्या पोरींना मी पायावर घेऊन आंघोळ घातली त्या पोरी आता बाळंतपनाला माहेरी येतेत आन त्यांच्या लेकरांनाबी मीच घालते. मारवाड्यांच्या घरात, मुसलमानांच्या घरात, आमच्या बुद्धवाड्यात, समद्यांकडं जाते. पानी किती कडक पायजे ते बोट घालून सांगते. घमेंड म्हना, तर हाय मला घमेंड.

पन आमच्या कामात एक रिवाज हाय, तो आधी सांगते, कारन पुढचं समदं त्याच्यावर हाय. न्हाऊ घालनारीनं लेकरात खोट काढायची न्हाई. लेकरू किरकिरं असू द्या, डोकं लांबुळकं असू द्या, आंघोळ झाली की तीट लावायची आन म्हनायचं, गुनाचं हाय हो लेकरू, ताकदीचं हाय. मायनं मला तेलाच्या आधी हे शिकवलं. आपल्या तोंडातून वाईट निघालं तर लेकराला लागतं म्हने, आन ते घरबी तुटतं, म्हंजे तिथलं काम जातं. मी इतक्या घरांत इतक्यांदा ताकदीचं हाय, ताकदीचं हाय म्हनले, की मंग मला कोन्चंबी लेकरू तसंच दिसायला लागलं.

सुजाता माझी धाकटी, घनसावंगीला दिलेली. पहिलटकरीन म्हनून माझ्याकडं आल्ती. तिला पोरगी झाली, यशोधरा, आमची यशू. बाळंतपन लई अवघड गेलं, लेकरू लवकर रडलंच न्हाई, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. घरी आनली तवा मी पदर खोचला, म्हनलं, आता माझ्या ताब्यात द्या, पोर सुधरंस्तोवर सुजाताला सासरी धाडत न्हाई. आन काय सांगू तुम्हाला, पोर अशी ताठ, मुठी आवळलेल्या, पुढं पुढं तर बगलेत धरून उभी केली की चवड्यावर उभी राह्यची, पाय एकावर एक, कात्रीवानी. मी गल्लीत दाखवत फिरले. बघा गं, एवढ्याशा पोरीनं पाय टेकले, माझ्या हाताचं तेल हाय हे. बाया म्हनायच्या, गयाबाईची नात हाय, उभी न्हाई राहनार तर काय. मला लई बरं वाटायचं.

पाच महिने झाले तरी मान धरना. आठ झाले तरी बसना. मी म्हनलं, अंग आखडलंय, मोकळं करू, आन जोर वाढवला. दोन टाइम मालिश, गुडघे दाबून धरायचे, पाय फाकवायचे, पोर किंचाळायची, मी म्हनायची, रडू द्या, छाती भरती. सुजाता उंबऱ्यात उभी राहून डोळे पुसायची. आई, दवाखान्यात दाखवू की, म्हनायची. मी म्हनायची, तू मला शिकवती का, तुला लहानाचं मोठं कोन केलं.

त्यात अंगनवाडीत लेकरं तपासायची गाडी आल्ती. सुजाता यशूला वजनाला म्हनून घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीनबाईनं लेकराला हातात घेतलं, पाय हलवून बघितले आन चिठ्ठी लिहून दिली, जालन्यात सरकारी दवाखान्यात बारक्या लेकरांसाठी वेगळी खोली हाय, तिथं जल्दी जा, वाट बघू नको. आन माझ्या पोटच्या पोरीनं ती चिठ्ठी माझ्या भ्यानं तांदळाच्या डब्याखाली दडवून ठेवली. पंधरा दिस. मी डबा उचलला तवा घावली. मला वाचता येत न्हाई बराबर, मी म्हनलं, काय हाय गं हे, तर ती मागं सरकली आन रडत समदं सांगितलं. मी तिला कधी चापट मारली न्हाई हो, नुसतं तोंड हाय माझं. राग यायला पायजे व्हता, पन लाज वाटली. मी म्हनलं, चल, यशूची दुपटी घे, आत्ताच जाऊ.

त्या दवाखान्यावरून मी रोज जायची. आत अशी खोली हाय हे ठावच न्हवतं. खाली गाद्या, मोठाले रबरी चेंडू, भिंतीला आरसा. बाकड्यावर आया बसलेल्या, कोनाचं लेकरू ऐकत न्हाई, कोनाचं नजर देत न्हाई, भोकरदनहून पहिल्या एसटीनं आलेल्या, परतूरहून रेल्वेनं आलेल्या. व्यायाम घेनारी मॅडम सुजाताच्या वयाची. ती म्हनली, आजी, तुम्ही मालिश करता ना, मंग करून दाखवा. मला वाटलं, आता दाखवतेच हिला. बसले, पाय पसरले, यशूला घेतलं, दाबलं, तर पोर लाकडावानी ताठ. मॅडमनं यशूला घेतलं, कुशीवर वळवलं, गुडघे वाकवले आन हळू हळू या अंगाला, त्या अंगाला डुलवायला लागली, मंग थांबली. हात तसाच ठेवून नुसती थांबली. माझ्या डोळ्यांदेखत यशूचे गुडघे सैल झाले, मूठ उघडली. मी जन्मात कधी लेकरावर हात ठेवून थांबले न्हवते, मला घाई, पुढचं घर असायचं.

ती म्हनली, जन्माच्या टायमाला हिच्या मेंदूला मार बसलाय. पायाला सैल पड म्हनून सांगायचं ते मेंदूला जमंना, म्हनून तुम्ही जेवढं जोरानं दाबाल तेवढी ती आवळंल. पन मेंदू कोवळा हाय तवर लई शिकतो, म्हनून जल्दी यायचं असतं. मी इचारलं, माझ्या दाबन्यानं झालं का हे? ती खरं बोलनारी, म्हनली, दाबन्यानं झालं न्हाई आजी, पन दाबन्यात दिस गेले. मी तिथंच पदर तोंडाला लावून रडले, समद्या आयांसमोर. त्यातली एक मला पानी द्यायला उठली.

मंग मी शिकले. आन शिकायला लागले की मी कोनाला ऐकत न्हाई. मॅडम सांगायची, लेकरू गुंडाळून आडवं धरू नका, कडेवर घ्या, एक पाय पुढं, एक मागं, म्हंजे पाय आपोआप फाकतेत. उभं करून नाचवायचं न्हाई. खेळनं समोर धरायचं, तिनं हात पुढं काढंस्तोवर दम धरायचा. दवाखान्यापायी सुजाता माझ्याकडंच राहिली, दर मंगळवारी आम्ही तिथं, आन घरी रोज, सुजाता एक टाइम, मी एक टाइम. सव्वा वर्षाची झाली तवा यशू माझ्या मांडीचा आधार सोडून बसली. घडीभरच बसली आन कलंडली, पन बसली.

त्याच सुमारास मारवाडी गल्लीतल्या एका शेठानीकडं माझं काम चालू व्हतं. त्या घरच्या पोराला मी लहानपनी न्हाऊ घातलेलं, आता त्याच्या लेकराला. त्यांच्यात मला सव्वा महिन्यावर सोडत न्हाईत, सहा-सात महिने येऊ देतेत. लेकरू गोरं, गुटगुटीत, हसरं. पन डावी मूठ उघडना. उजव्या हातानं समदं धरी, डावा अंगाला चिकटलेला. शेठानी कौतुकानं म्हनायच्या, मुठीत लक्ष्मी घेऊन आलाय आमचा. येनारे-जानारेबी तेच म्हनायचे. मी तीट लावायची आन गप बसायची. आठ दिस गप बसले. ते घर माझं सगळ्यात जुनं, मायेनं वागवनारं, दिवाळीला साडी चुकत न्हाई. घरी येऊन यशूला कडेवर घेतलं की वाटायचं, गयाबाई, तुझ्या नातीचे दिस तू घालवले, आता दुसऱ्याच्या लेकराचेबी घालवती का.

नवव्या दिशी मी सांगितलं. त्यांची सून, त्यांच्यात बहू म्हनतेत, तीबी तिथंच व्हती. म्हनलं, शेठानी, मूठ उघडत न्हाई, डॉक्टरला दाखवा, जल्दी दाखवा, माझ्या नातीचं मी न्हाई ओळखलं. शेठानी रागावल्या न्हाईत, रागावल्या असत्या तर बरं व्हतं. उठून देवघराकडं गेल्या, तिथूनच म्हनल्या, गयाबाई, थक गयी तू, कल से मत आना. मी पाट भिंतीला लावला, चपला घातल्या आन निघाले. रस्त्यानं डोळे भरले, पन पाय बराबर पडत व्हते माझे. बोलले ते बोलले.

दोन मंगळवार गेले. तिसऱ्याला आम्ही खोलीत शिरलो तर बाकड्यावर ती बहू. डोक्यावर पदर, लेकरू मांडीवर आडवं. मला बघून उठलीच. सासूबाईंना माहीत न्हाई म्हनली, मंदिरात जाते सांगून आले. मी इचारलं, लेकराला कसं धरलं गं, असं न्हाई, आन तिच्या कडेवर पाय फाकवून बसवलं. मंग तीन महिन्यांनी लेकरानं डाव्या हातानं बिस्किट धरलं तवा शेठानीनं मानूस पाठवला, या म्हनून. मी गेले. तेल गरम करून ठेवलेलं व्हतं.

आता मी प्रत्येक घरी पहिल्याच दिशी सांगून टाकते, मी तेल लावीन, न्हाऊ घालीन, आन काही दिसलं तर बोलीन, चालत असंल तर ठेवा. दोन घरं तुटली. तुटू द्या. चार नवी लागली, आन अंगनवाडीची बाईबी मलाच इचारती, गयाबाई, हे लेकरू हाताला कसं लागतंय बघा जरा.

यशू साडेतीन वर्षांची हाय. पायाला पट्टे बांधून, लाकडाचा पांगुळगाडा ढकलत अंगनात चालती. आपली आपन चालंल का, मॅडमबी छातीला हात लावून सांगत न्हाई, मीबी सांगत न्हाई. पन गेल्या रविवारची गोष्ट सांगते. मी तिला आंघोळीला बसवलं, तर माझ्या हातातला तांब्या धरला आन म्हनली, मी. म्हनलं, घाल बाई अंगावर. तिचा हात थरथरतो, लई येळ लागला, मी हात लावला न्हाई, थांबले. तांब्या उचलला तिनं, पन स्वतावर न्हाई ओतला, माझ्या डोक्यावर ओतला, लुगड्यासकट भिजवलं मला आन खिदळायला लागली. सुजाता धावत आली, आई, लुगडं, लुगडं. मी म्हनलं, राहू दे. उभा जन्म लोकांच्या लेकरांना न्हाऊ घातलं, मला कोनी घातलं न्हवतं. मी डोळे मिटून बसले आन तिला म्हनलं, अजून एक घाल.