पलीकडच्या काठचे बेडूक

दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढे बागेतला माळी आणि त्याची थोरली बहीण होती.

"ताई, ओढ्याकाठी आम्ही लव्हाळं लावलं नि बेडूक परत आले. कुणी काठानं चाललं, की तिथले तिथले गप्प होतात."

"मग?"

"काल संध्याकाळी मी अलीकडून घरी निघालो, तर पलीकडच्या काठचे गप्प होत चालले. माझ्या बरोबरीनं. तिथे कुणीच नव्हतं."

"साप असेल, येड्या!"

"मी थांबलो, की तेही थांबायचं. साप थांबतो होय?"

"म्हणून पोटुशी बायको माहेरी धाडतोस? डॉक्टर प्रवासाला हो म्हणतील का?"

"तेच विचारायला आलोय."

"अरे, तुझ्या घरामागच्या डबक्यातले रात्रभर डोकं उठवतात, त्यांना नाही घाबरत!"

"काल रात्री एकही ओरडला नाही, ताई."