गड्डा पुरायचा नाय

हात काढा. आधी त्या टाकीच्या पाण्यातून हात काढा बघू — हां. रागावू नका, पण ती ह्या सगळ्या झाडांची आई आहे, ती विकायची नाय. मघाशीच सांगितलं ना मी, ह्या कडेचे सगळे धोंडे बघा, हवं ते झाड उचला, पण त्या मधल्या धोंड्याला बोट लावायचं नाय. मोठी आहे म्हणून तुम्हाला तीच हवी. येतो त्याला तीच हवी असते. बसा तुम्ही तिकडे पायरीवर, मी तुकडे कापून देत्ये. — तो? तो कोयता. कोयत्याने नाय हो कापत हे, काहीतरीच काय! ह्याला पातं लागतं, दाढीचं, नवंकोरं, हे बघा. कोयता असाच ठेवलाय. सकाळी धार लावली. तुम्ही त्याच्याकडे नका बघू, झाडाकडे बघा.

तर मुंबईला माशांचं दुकान तुमचं. आणि मासे खायचे नाय, बघायचे! जळ्ळं मेलं, ऐकावं ते नवलच. आमच्यात कुणी बांगडा काचेत ठेवून बघत बसला तर त्याला देवळात नेऊन अंगारा लावतील. पण आमचे हे पण तेच सांगायचे, की परदेशात लोक माशांसाठी पेट्या करतात आणि त्यात हे झाड लावतात. हे म्हणजे आत्माराम — घेत्ये नाव, आता घ्यायला काय हरकत, ऐकायला कोण बसलंय — मालाच्या बोटीवर होते. आफ्रिकेला लाकडं भरायला जायची त्यांची बोट. तिकडे नदीच्या काठाला एवढाले ओंडके पाण्यात पडलेले असतात म्हणे, त्या ओंडक्यांना, खडकांना हे झाड चिकटलेलं. माती नाय, काय नाय. सावलीत, वाहत्या पाण्यात आपलं बसलेलं. ह्यांनी एक उपटलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि बिस्किटाच्या डब्यात घालून आणलं. बाकीचे खलाशी टेपरेकॉर्डर आणतात, नायलॉनच्या साड्या आणतात, आणि आमच्या घरात काय आलं तर पाला! आणि मी काय केलं सांगू? पान बघितलं, जाड, हिरवंगार, म्हटलं हे तर अळू. आफ्रिकेचं अळू! नेलं ते न्हाणीच्या मागे, सांडपाण्याच्या चिखलात, जिथे आमचं घरचं अळू होतं तिथेच, आणि गड्डा पुरला चांगला वीतभर खोल. वर शेणखत. काय विचारू नका. उपटून बघितलं तेव्हा नुसती लिबलिबीत घाण, आणि वास म्हणजे! हे ओरडले माझ्यावर. ओरडले तेवढेच हां — हात नाय उगारला कधी, त्यांनी नाय. एक टोक तेवढं चिखलाच्या वर राहिलं होतं, तेवढंच जिवंत. तेच मग ह्यांनी धोंड्याला बांधलं. ती ही आई.

इकडे बघा आता, नीट बघून घ्या, मुंबईला जाऊन मला शिव्या नकोत. हा आडवा सरपटत वाढतो तो गड्डा. वर पानं, खाली मुळं. आपला जांभा दगड ह्याला इतका मानवला म्हणून सांगू, भोकंभोकं असतात ना जांभ्याला, मुळं आत घुसतात, मग ओढा, हिसडा, काय वाटेल ते करा, झाड तुटेल पण धोंडा सोडणार नाय. मला ते आवडतं. — कापायचं कुठे? इथे. प्रत्येक तुकड्याला तीन-चार पानं राहिली पाहिजेत. आणि एका झटक्यात. घुटमळलात की चेचतं, चेचलं की कुजतं, आणि कूज एकदा लागली की मागे मागे जात सगळं खाते. म्हणून असं धरायचं, आणि — हे! दचकलात? एवढ्याने? बघा, कसं स्वच्छ कापलं गेलं. आता जाळ्याचा दोरा, दोन वेढे, गाठ. झालं. खत नको, ऊन नको, रोज उठून उचलून बघायला नको. महिन्या-दीड महिन्याने एक पान देतं, मनात आलं तर. आणि जिथे कापलं ना, त्या मागच्या बुंध्याला बाजूने नवे कोंब येतात. जेवढं मारा तेवढं वाढतं. माणसाचं तसं नाय. हे माझं मनगट बघा, दोन वर्षं झाली, वाकडं ते वाकडंच. — पडले? कोण म्हणालं पडले? हां, डॉक्टरला तसं सांगितलं होतं खरं. डावा आहे, डाव्याचं एवढं काय नाय. उजवा शाबूत आहे.

दीर माझा. केरू. ह्यांच्या पाठचा. हा झरा बघताय ना, टाकीच्या वर कातळातून येतोय तो? बारमाही आहे. वैशाखात वाडीतल्या विहिरी तळ दाखवतात, पण हा आटत नाय. ह्यांनी शेवटच्या रजेत स्वतः चिरे रचून ही टाकी बांधली. पाणी इकडून आत, तिकडून बाहेर, आणि बाहेर पडलं की खाली भावजींच्या आंब्याच्या कलमांनाच जातं. थेंब अडवला नाय हो मी! कलमांना पाणी मिळतंच आहे. पण नाय, त्यांना झराच हवा, स्वतःचा. टाकी फोडायची, तोंडाला नळी लावायची, आणि मला म्हणायचं, वयनी, पाणी हवं तर माग माझ्याकडे. माग म्हणे! हे बोटीवर गेले तेव्हा — म्हणजे मेले तेव्हा, तार आली मुंबईहून, समुद्रातच सोडलं त्यांना, मला तोंडसुद्धा दिसलं नाय — तर तेराव्याची पानं उचलली नाहीत अजून, आणि भावजी पहार घेऊन झऱ्यावर! मी टाकीच्या काठाला मिठी मारून बसले. म्हणाले, सोड. मी नाय सोडलं. मग त्यांनी ती पहार माझ्या मनगटावर आडवी ठेवली आणि वर पाय दिला. सबंध अंगाचा भार. सुकी काटकी मोडते ना, तसा आवाज आला, मला आधी वाटलं चिराच फुटला. त्या दिवशी टाकी राहिली, कारण पाहुणे धावत आले. मी काठ सोडला नव्हता, ते शुद्धीवर आल्यावर लोकांनी सांगितलं.

गावकीत गेले ना, गेले तर! सगळे मानकरी बसले, देवापुढे नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, ह्या दोघांना सुबुद्धी दे रे महाराजा, म्हणाले आणि धोतरं झटकून उठले. दोघांना! माझ्या बुद्धीला काय झालं होतं? मोडलेला हात गळ्यात बांधून मी उभी, आणि सुबुद्धी मला! तो नारळ भावजींनीच वाटेत फोडला आणि खोबरं खात घरी गेले.

ही आई बोडकी दिसत्ये ना एका अंगाने? ते त्यांचंच काम. शिमगा झाला आणि एक दिवस आले दुपारचे, उगाच, मला खिजवायला. वाकले आणि दोन्ही हातांनी पानं ओरबाडली, आईचीसुद्धा, कवळाभर. आणि तिथून ओरडले, हौसा, आज अळूचं फदफदं कर गो! बघू दे तरी वयनीची आफ्रिका कशी लागते! हौसा म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ. गरीब गाय. तिच्याही अंगावर वळ असतात, पण ती पदर ओढून घेते. तर ती पानं घेऊन माझ्या दारात. वयनी, म्हणाली, हे अळूच ना? चिंच घालू की आमसुलं? — आता आपल्याकडे आंबट घातल्याशिवाय अळू कुणी शिजवत नाय, घशाला खाज सुटते, हे काय सांगायला हवं? आणि ह्याची खाज केवढी ते मला विचारा, कापताना नुसता चीक लागला तर बोटं चुरचुरतात दिवसभर. मी तिला म्हटलं, ह्याला आंबट नाय चालत हौसा. गूळ घाल चांगला. आणि तुझी संकष्टी ना आज, तू चव नको बघूस.

असं काय बघताय? मी वाढलं का ताटात? ओरबाडलं त्यांनी, शिजवलं हौसाने, गिळलं त्यांनी. तिची संकष्टी होतीच. होतीच हो! — आणि नसती तर मी दुसरं काहीतरी सांगितलं असतं, तिला खाऊ नसतं दिलं. घ्या, आलं तोंडातून. येऊ दे. जीभ सुजून तोंडाबाहेर आली त्यांची. घसा असा धरून अंगणात लोळत होते, डोळे लालभडक, पाणी मागत होते खुणेने. पाणी! मी ह्याच टाकीच्या काठावर बसून बघत होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, ह्यांच्या मागे पहिल्यांदा मला जेवण गोड लागलं त्या दिवशी. रिक्षात घालून नेलं त्यांना दवाखान्यात, आणि वाचले. आवाज गेला तेवढा, घोगरं घोगरं बोलतात. वाचले नसते तर आज तुम्हाला निवांत चहा पाजला असता.

आज का नाय? आज चुलीकडे जायला वेळ नाय. काल हौसा आली होती, कुंपणाच्या पलीकडेच उभी राहिली, ओठ फाटलेला. वयनी, म्हणाली, तू आजच्या आज माहेरी जा, नाटे गावाला. ते उद्या दुपारी येणार आहेत. टाकीसकट तुला गाडीन म्हणालेत, आणि ह्या वेळेला पाहुणे नाहीत मध्ये पडायला. — माहेरी भाऊ आहेत ना माझे, होडीवर जाणारे, दांडगे. बोलावले असते तर आले असते. आले असते, दोन दिवस राहिले असते, भावजींना चोपलं असतं, आणि त्यांनी होडी पाण्यात घातली की भावजी परत दारात. मग परत हौसाचा ओठ, परत माझा हात. किती दिवस हो? मी सगळी रात्र विचार केला आणि सकाळी कोयत्याला धार लावली. आता सांगितलं ना तुम्हाला, घुटमळलं की चेचतं.

भिऊ नका. तुमचा काय संबंध? तुम्ही गिऱ्हाईक. हे घ्या, हे तुकडे झाले तुमचे, पिशवी धरा, पाणी नुसतं शिंपडायचं, भरायचं नाय, मुंबईपर्यंत ओलसर राहिलं की — थांबा. श्श. ऐकलात? खाली पाखाडीवर. लोखंड वाजतंय पायऱ्यांवर. पहार मुद्दाम आपटत येतात ते, मला आधीपासून ऐकू यावं म्हणून. उठा. उठा म्हणत्ये ना! आणि हे धरा. दोन्ही हातांनी धरा, जड आहे धोंडा. हो, तीच. आई. — विकायची नाय म्हटलं होतं, मग विकत कुठे आहे? देत्ये. पैसे घाला ते खिशात! इथे राहिली तर पहारीखाली जाईल, आणि नाय गेली तर तिच्याकडे बघायला मी असेन का नसेन. एवढ्या लांबून आणली आहे त्यांनी, बिस्किटाच्या डब्यातून. ओलं गोणपाट घाला वर. मागच्या वाटेने उतरा, सुपारीतून, बांध ओलांडलात की डांबरी रस्ता, हात केलात की एसटी थांबते. कुणी विचारलं तर ह्या राहीला तुम्ही ओळखत नाय. आणि गड्डा मातीत पुरायचा नाय, कितीही वाटलं तरी नाय पुरायचा, वर राहू दे, उघडा — अहो जा ना! उभे काय राहिलात? जा! वळून नका बघू!

या, केरूभावजी. या असे, टाकीकडे या. पहार राहू दे हातात, असू दे. हौसाला नाय ना आणलंत बरोबर? बरं केलंत.